लोण्याकडे न जाणारा वाण

ठाणाकुशनूर गावात मैत्रेयीची ओळख सोपी आहे: पिराजी मेकॅनिकची पोरगी, जंतांवर डॉक्टर झालेली. कुणाच्या लेकराचं पोट दुखलं की बायका पिराजींना म्हणतात, "पोरीला फोन लावा की, काय द्यावं इचारा." पिराजी दरवेळी तेच सांगतात. "तसले जंत न्हाईत ते. मातीतले हाईत. कुनाच्या पोटात जात न्हाईत, कुनाचं वाईट करत न्हाईत."

एकदा एका म्हातारीनं विचारलं, "मग कामून बघायलीय ती त्यास्नी?"

पिराजींनी तो प्रश्न फोनवरून मुलीला सांगितला. मैत्रेयी म्हणाली, "ते वास कसा घेतात ते बघायलेय, अप्पा."

"एवढंच?"

"एवढंच."

तिची लॅब कलबुर्गीच्या एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर आहे. एक सूक्ष्मदर्शक, एक बर्नर, वीस अंशावर चालणाऱ्या दोन थंड पेट्या, एक मोठी नवी आणि एक लहान जुनी. पेट्यांत काचेच्या झाकणबंद प्लेटा आणि प्लेटांत लाखभर कृमी. हा कृमी मिलिमीटरभर लांब असतो. इतका पारदर्शक की पोटातली अंडी बाहेरून मोजता येतात. साडेतीन दिवसांत तो जन्मापासून स्वतःच्या पिल्लांपर्यंत पोचतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. सगळ्या अंगात मिळून तीनशे दोन चेतापेशी, त्यांतल्या काही डोक्याच्या टोकाशी, वासासाठी. जग त्याला वासानंच कळतं. अन्न कुठे आहे, धोका कुठे आहे, एवढ्या दोनच गोष्टींचं त्याचं जग आहे, आणि त्या दोन्ही हवेतून येतात.

त्याला लोण्याचा वास फार आवडतो. कामून, ते कुणी त्याला विचारलेलं नाही. प्लेटच्या एका कडेला त्या वासाचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या कडेला बिनवासाचा, आणि मधोमध शंभरेक कृमी सोडायचे. तासाभरानं पाहावं तर शंभरातले नव्वद लोण्याच्या बाजूला.

दोन वर्षांपूर्वी मैत्रेयीनं हजारो कृमींना एक रसायन दिलं. त्या रसायनानं जनुकांत कुठेतरी, कसलाही बदल होतो. मग त्यांची नातवंडं तपासताना एका प्लेटवर अकरा कृमी मधोमधच घुटमळत राहिलेले दिसले. लोण्याकडे गेलेच नाहीत. तिनं ते अकरा वेगळे काढले, वाढवले आणि त्या वाणाला क-१७ हे नाव दिलं. इतर कृमींशी त्याची सरमिसळ होऊ नये म्हणून त्याला स्वतंत्र घर दिलं, ती जुनी लहान पेटी. पुढे पिढ्यामागून पिढ्या गेल्या, पण क-१७ लोण्याकडे गेला नाही. जन्मतःच काहीतरी बिघडलेला वाण. त्याचं कुठलं जनुक बिघडलंय ते सापडलं, तर वास ओळखणारं एक नवं जनुक जगाला कळणार होतं, आणि ते कलबुर्गीतून कळणार होतं.

बेंगळुरूत शिकून, चार वर्षं परदेशात राहून ती परतली तेव्हा सगळ्यांनी विचारलं होतं, इकडं काय ठेवलंय? क-१७ हे तिचं उत्तर होतं. लेख लिहून झाला होता, एका नियतकालिकात तपासणीला गेला होता. लॅबच्या पुढच्या तीन वर्षांच्या अनुदानाची मंजुरी त्या लेखावर अडली होती.

मार्चमध्ये पिराजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिच्याकडे आले. आयुष्यभर बसची इंजिनं खोलून बसवलेला माणूस. महिनाभर जड उचलायचं नाही म्हटल्यावर त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते तिच्या स्वयंपाकघरात बसायचे आणि ती पोळ्या करताना सूचना द्यायचे. पोळीला तूप लावायचं नाही ही सूचना मात्र द्यावी लागत नसे. पिराजी तूप खात नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुरणपोळीसुद्धा कोरडी. आई होती तेव्हा म्हणायची, "तुमच्या अप्पाच्या इंजनाला तेल चालतंय, तूप न्हाई." घरातली ती जुनी थट्टा होती. तिच्यामागे काही असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बेंगळुरूहून पत्र आलं. क-१७ चे काही कृमी तिनं तिथल्या एका ओळखीच्या लॅबकडे पाठवले होते, दुसऱ्या हातानं पडताळा व्हावा म्हणून. पत्र दोन ओळींचं होतं. तुमचा वाण इथे नीट वास घेतो. तीन वेळा पाहिलं, लोण्याकडे जातो.

तिनं त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या सकाळी प्रयोग पुन्हा लावला. क-१७ मधोमध घुटमळत राहिला. त्याच्या पुढच्या दिवशीही तसाच. इथे जात नाही आणि तिथे जातो. वाण एकच, जनुकं तीच.

विभागप्रमुख रेवणसिद्ध सरांच्या कपाळावर सकाळची विभूती दुपारपर्यंत टिकलेली असते आणि रागावलेलं त्यांना कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी पत्र वाचून चष्मा काढला.

"डाकेत तापला असेल वाण. आपल्याकडचा मार्च म्हणजे काय, तव्यावरून पाठवल्यासारखं."

"तापला तर मरेल सर. बरा कसा होईल?"

"मैत्रेयी, मी झाडांचा माणूस. मला एवढंच कळतं की लेख आता थांबवलात तर पुढं ही खोली परत झाडूवाल्याकडं जाईल."

ती लॅबमध्ये आली आणि दोन वर्षांच्या वह्या काढून बसली. तिसऱ्या दिवशी तिला एक गोष्ट दिसली. ती पूर्वीही दिसलेली होती, फक्त तिच्याकडे बघितलेलं नव्हतं. पानोपानी मध्येच एखादा प्रयोग बिनसलेला होता. क-१७ चक्क लोण्याकडे गेलेला. समोर तिच्याच अक्षरात शेरा: प्लेट खराब असावी, धरू नये. असे सव्वीस शेरे होते. तिनं सव्वीस तारखा कागदावर उतरवल्या आणि कॅलेंडर समोर ठेवलं.

सगळे मंगळवार होते.

कृमीला वार कळत नाही. वार माणसांना कळतो. लॅबमध्ये माणसं दोनच होती, एक ती आणि दुसरी चंद्रम्मा.

चंद्रम्मा दुबलगुंडी गावची. नवरा गेल्यावर मुलाच्या मागे कलबुर्गीला आली आणि कॉलेजात कंत्राटावर लागली. काचसामान धुणं, कृमींचं पातळ खाद्य प्लेटांत ओतून थिजवणं, पेट्या स्पिरिटनं पुसणं ही तिची कामं. हात इतका सफाईदार की तिनं ओतलेल्या प्लेटमध्ये बुडबुडा सापडत नाही. ती मैत्रेयीला मॅडम म्हणते आणि मैत्रेयी तिला अक्का. दोघींच्या बोलण्यात निम्मी मराठी आणि निम्मं कन्नड.

बुधवारी मैत्रेयी साडेसातलाच येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. आठाला चंद्रम्मा आली. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, स्पिरिट लावलं. मग पिशवीतून धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा काढला, जुनी लहान पेटी उघडली आणि तो सगळ्यात खालच्या कप्प्यात, क-१७ च्या प्लेटांखाली, जपून सरकवला. वळली तर समोर मैत्रेयी.

"लवकर आलाव मॅडम?"

"अक्का, काय आहे डब्यात?"

चंद्रम्मानं फडक्याकडे पाहिलं. "लोनी हाय."

चंद्रम्मानंच पुढे सांगितलं, एका दमात, जसं बरेच दिवस मनात घोकून ठेवलेलं माणूस सांगतं. भावाच्या म्हशीचं लोणी बुधवारपासून थोडं थोडं तिच्याकडे येतं. सोमवारपर्यंत साठवायचं, सोमवारी संध्याकाळी कढवून त्या तुपाचा दिवा बसवण्णाच्या देवळात. सासूच्या सासूपासून चालत आलेलं. तोवर त्याला कुणी चाखायचं नाही, उष्टं करायचं नाही.

"घरी फ्रिज आहे ना तुमच्या?"

"हाय की. लेकानं घेतलाय दोन वर्सं झाली. दारातच आंडी ठिवतो. बारा बारा." तिनं तोंड कडू केलं. "आंड्याशेजारी देवाचं लोनी ठिवू? मी म्हनलं, तुझा फ्रिज तुला लखलाभ. इथं मी सोता रोज स्पिरिटनं पुसते. तुमी बी हात धुतल्याबिगर शिवत न्हाईत. एवढी मडीची जागा आख्ख्या कलबुर्गीत न्हाई मॅडम. देवळात बी न्हाई, खरं सांगू का."

मडी म्हणजे सोवळं. मैत्रेयीला आधी हसू आलं. तिच्या आजीला ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागायचं त्या घरांत हाच शब्द होता. आणि आता चंद्रम्मा हा शब्द तिच्या हातांसाठी वापरत होती, सहज, कसलाही विचार न करता.

"चुकलं काय मॅडम?"

"थांबा. बघू."

तिला आता सगळं दिसत होतं. ते पहिले अकरा म्हणजे शंभरात दहा एरवीही मागे राहतात, त्यांतलेच. प्रयोगाआधी कृमींना धुऊन तासभर बिनखाद्याचं ठेवावं लागतं. भूक लागली की ते वासामागे नीट धावतात. टेबलावर उकाडा, म्हणून तो तास ती त्यांना त्यांच्या त्यांच्या पेटीत ठेवत असे. साधे कृमी मोठ्या पेटीत आणि क-१७ लहान पेटीत, लोण्यावर. तासभर उपाशी, तासभर त्या वासात, आणि खायला काहीच नाही. अशा वासाकडे कृमी पुढे काही तास फिरकत नाही. हे जगातल्या बऱ्याच लॅबना फार वर्षांपासून माहीत आहे. तिलाही माहीत होतं. सोमवारी संध्याकाळी डबा घरी जाई, मंगळवारी पेटी रिकामी असे आणि मंगळवारी क-१७ लोण्याकडे जाई. आणि ती लिहीत असे, धरू नये.

खात्रीसाठी तिनं साधे कृमी घेतले, ज्यांना कधी काही झालं नव्हतं असे. धुतले आणि डब्याशेजारी तासभर उपाशी ठेवले. दुपारी प्लेट पाहिली. तेही मधोमध घुटमळत होते. चंद्रम्मा तिच्या मागे उभी राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मेले काय?"

"नाही अक्का. शहाणे झाले."

रेवणसिद्ध सरांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ पेन उघडत मिटत राहिले.

"दोन वाटा आहेत," ते म्हणाले. "एक, वाण आमच्याकडे नष्ट झाला असं कळवायचं. लेख छापून येऊ द्यायचा. मेलेला वाण कोण तपासायला येतंय? दुसरी, कामगाराच्या निष्काळजीपणामुळं प्रयोग बिघडला असं पत्र द्यायचं. मग मंजुरीवाले निदान एक संधी देतील. चंद्रम्मा कंत्राटाची आहे, तिला दुसरीकडं लावता येईल. मी वाईट माणूस नाही, पण खोली टिकवायची तर काहीतरी द्यावं लागतं."

"पेटीत अन्न ठेवू नका हे मी तिला कधी सांगितलंच नाही सर. आणि दोन्ही वाण एका पेटीत ठेवले असते तर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. ते मला शिकवलेलं होतं."

"सोमवारपर्यंत विचार करा," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, ती स्वयंपाकघरात बापाशेजारी बसली. पिराजी शेंगा सोलत होते. एका डोळ्यानं अंदाज चुकायचा, दाणे ताटाबाहेर पडायचे. तिनं त्यांना सगळं सांगितलं: डबा, अंडी, मंगळवार. अंड्यांच्या गोष्टीला ते मनापासून हसले. मग तिनं उपाशी तासाचं सांगितलं. भुकेत ज्या वासाबरोबर काही मिळालं नाही, त्या वासाकडे नंतर ते जात नाहीत.

पिराजींचा हात शेंगेवर थांबला.

"किती येळ उपाशी ठिवतीस?"

"एक तास."

"तासात कळतंय त्यास्नी." त्यांनी शेंग फोडली. "मला सकाळपास्नं दुपार लागली."

तिनं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"माय खळं झाडायला जायची एकांकडं. नाव कशाला, आता त्यांचं कुनी न्हाई तिथं. मी सात-आठ वर्सांचा असंन. मला भिंतीच्या कडंला बसवायची, म्हनायची, हालू नको. एक दिस त्यांच्या अंगनात लोनी कढवायले होते. मोठं पातेलं. आदल्या दिसापास्नं पोटात काय न्हवतं. आता मिळंल, मंग मिळंल. दुपार झाली, पातेलं आत गेलं, माय आली, आमी घरी गेलो." त्यांनी टरफल बाजूला टाकलं. "कुनी मारलं न्हाई. कुनी शिवी दिली न्हाई. त्यास्नी दिसलोच नसंन मी. वास यायलाता, एवढंच."

"तुम्ही कधी सांगितलं नाही अप्पा."

"काय सांगायचं त्यात? तुझी माय म्हनायची इंजन. मी म्हनलं, बरंय, इंजन तर इंजन."

त्यांनी ताटाबाहेरचे दाणे चाचपडत गोळा केले. क-१७ बद्दल लेखात तिनं एक शब्द सोळा वेळा वापरला होता, जन्मदोष. अकरा कृमींना आणि त्यांच्या शेकडो पिढ्यांना तिनं जन्मानं अधू ठरवलं होतं. ते अधू नव्हते. त्यांना वास येत होता, आणि वासाबरोबर आणखी काय आलं होतं तेही ध्यानात होतं.

सोमवारची वाट तिनं पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. लिहायला दहा मिनिटं लागली, पाठवायला तास. कारणाच्या जागी लिहिलं: हा वाण निरोगी आहे. दोन वाण दोन पेट्यांत ठेवणं आणि न पटणारे निकाल बाजूला टाकणं या दोन्ही चुका माझ्या. लोण्याचा उल्लेख केला, चंद्रम्माचा केला नाही. तेच पत्र मंजुरीवाल्यांनाही पाठवलं.

सर तिच्यावर रागावले नाहीत. मंजुरीचं त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. दोघांनाही ठाऊक होतं की पावसाळ्यापर्यंत उत्तर येईल आणि बहुधा नकाराचं येईल.

क-१७ मोठ्या पेटीत इतरांबरोबर राहायला गेला. लहान पेटी रिकामी झाली. मैत्रेयीनं तिच्या दारावर कन्नडमध्ये आणि मराठीत चिठ्ठी लावली: या पेटीत कृमी ठेवू नयेत. चंद्रम्मानं चिठ्ठी वाचली, पदर तोंडाला लावला.

"म्हंजे लोनी ठिवावं?"

"तेवढंच ठेवावं."

"तुमची नोकरी जाईल माझ्या पायी."

"पेटी तर राहील. तिची मडी सांभाळा."

पुढच्या सोमवारी दवाखान्यातून परतताना पिराजी म्हणाले, "दाव बरं तुझे हुशार जंत." पट्टी जाऊन काळा चष्मा आला होता. जिन्यावर दोनदा थांबत ते वर आले. चंद्रम्मानं स्टूल पुसून दिलं, आणि पाणीही, तिच्या स्वतःच्या तांब्यातून.

"मॅडमचे अप्पा काय? डोळा कसाय?"

"एक नवा, एक जुना. जुन्यानं बघतो."

"या काचंत जुन्यानंच बघा. मी दोन्ही चांगल्यानं बघितलं तरी मला शेवयाच दिसतेत."

मैत्रेयीनं प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सकाळपासून उपाशी ठेवलेले, अप्पांना दाखवायला मुद्दाम लोण्याशेजारी तासभर ठेवलेले साधे कृमी. पिराजी वाकले, एक डोळा मिटला, फिरवायचं चाक त्यांच्या बोटांना लगेच सापडलं. बराच वेळ ते बघत राहिले.

"हे बाजूला काय हाय थेंबाचं?"

"लोण्याचा वास."

"जाईनात तिकडं."

"नाही जात."

"किती येळानं इसरतेत?"

"पोटभर खायला मिळालं तर दोन-तीन तासांत जातात परत."

पिराजी काचेवरून उठले नाहीत. "खायला मिळालं तर," ते म्हणाले. मग विचारलं, "आता ह्यास्नी काय करतीस?"

"मोजून झालं की टाकायचं. ब्लीचमध्ये."

"उपाशीच?"

प्रयोगाचे कृमी टाकून देतात, पंधरा वर्षं ती हेच करत आली होती. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तिच्या मनात आलं नव्हतं. चंद्रम्मानं न सांगता खाद्याची एक ताजी प्लेट काढून टेबलावर ठेवली, बुडबुडा नसलेली. मैत्रेयीनं प्लॅटिनमची तार बर्नरवर लाल केली, गार होऊ दिली आणि एकेक कृमी उचलून ताज्या प्लेटवर सोडू लागली. एकेक, घाई न करता. शंभराहून जास्त होते. अर्धा तास लागला. चंद्रम्मानं तेवढ्यात लहान पेटी उघडून डबा फडक्यात बांधला. आज कढवायचं होतं.

"दिवा लावून तूप उरतंय थोडं," ती दाराशी थांबून पिराजींना म्हणाली. "उद्या आनू का वाटीभर?"

मैत्रेयीचा हात तारेवर थांबला. पिराजींनी काळा चष्मा नीट केला.

"उद्या हाय मी इथंच," ते म्हणाले. "बघू."

मैत्रेयीनं ताजी प्लेट खाली सरकवली आणि ते पुन्हा काचेवर वाकले. उपाशी कृमी अन्नावर पोचला की त्याचा वेग मंदावतो, पोट भरलेल्याहून कितीतरी जास्त. जवळजवळ थांबतोच. मैत्रेयीनं हे वर्गात अनेकदा शिकवलं होतं, फळ्यावर आलेख काढून. आता तिनं ते सांगितलं नाही.

"थांबले की," पिराजी म्हणाले, आणि बघत राहिले.